सावली मोकळी

३ मार्च

पोचले एकदाची! दोन बस, एक मालाचा ट्रक आणि शेवटचा टप्पा दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मधे पाय पोटाशी घेऊन. टेम्पोवाल्याने फाटकाशी उतरवताना विचारलं, इथे कोणाकडे? मी म्हटलं, विमानाकडे. तो पुढच्या वळणापर्यंत हसत गेला असणार.

फाटक म्हणजे दोन खांब आणि एक साखळी. आत मुरमाची धावपट्टी, खांबावर वाऱ्याची नारिंगी पिशवी, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये ते. इतकं लहान विमान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चार खुर्च्या, पंख डोक्यावर, म्हणजे खाली बघताना ते मधे येत नाहीत. नाकावरचा रंग पोपडे धरून सुटलेला. पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले, लोकरीचे मोजे आणि रबरी चपला. मी हाक मारली, ओ मिस्त्री! तर चपला सरकत बाहेर आल्या आणि मागोमाग एक काकू उभ्या राहिल्या. केस पिकलेले, कोपरापर्यंत वंगण, तोंडात पाना. पाना काढून म्हणाल्या, मिस्त्रीच मी, पण काकू म्हण.

त्यांचे यजमान विमान चालवतात. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. ते विमानाला म्हातारी म्हणतात. काकूंचं म्हणणं, ह्यांच्या पदरी दोन म्हाताऱ्या आहेत, एकीला तेल लागतं आणि एकीला चहा, आणि दोन्ही वेळेवर नाही मिळालं तर दोघीही खोकतात. मुलंबाळं नाहीत. घरही नाही. विमान जिथे उतरेल तिथे यांचं बिऱ्हाड.

बाई संध्याकाळी जीप घेऊन आल्या. माझी नेमणूक त्यांनीच केलीय. हरणांच्या प्रवासाचं मोठं पुस्तक करतायत. दर वसंतात कळप खालच्या खारट गवताळ मैदानातून निघतो आणि पार वरच्या कुरणांपर्यंत चालत जातो. आपण आकाशातून त्याच्या सोबत, या धावपट्टीवरून त्या धावपट्टीवर. इतकी वर्षं दाराबाहेर वाकून फोटो बाईच काढायच्या. आता त्यांची पाठ कामातून गेली, म्हणून मी. पाण्याच्या टाकीवर आणि जत्रेतल्या उंच पाळण्यात बसून मी काढलेले फोटो त्यांना आवडले होते. त्यांनी विचारलं, शिक्षण किती? मी म्हटलं, सुरू बरंच केलंय.

बाबा म्हणतात हिच्या पायाला भिंगरी आहे, हे चहाच्या वेळी बोलून गेले, तर कप्तानांनी लगेच नाव ठेवलं. आजपासून मी भिंगरी. ताईला अजून सांगितलेलं नाही की मी कुठे आहे. सांगेन. लोखंडी खाट, उशी चपटी, पण खिडकीतून म्हातारीचं शेपूट दिसतं. मी इतकी खूश आहे की झोप येत नाहीये.

५ मार्च

आज धडे. काकूंनी उजव्या बाजूचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे मी बसायचं, छातीवरून पट्टा, पट्ट्याची कडी खुर्चीच्या पायात. खिशात काही ठेवायचं नाही. पेन नाही, चिल्लर नाही, केसांत पिन नाही. हातातून सुटलेली वस्तू वाऱ्याने मागे जाऊन शेपटीवर बसते. काकूंनी माझे खिसे स्वतः उलटे केले. त्यातून एक बोर, दोन बटणं आणि कुठल्या तरी खोलीची किल्ली निघाली. कुठली, मलाही आठवेना.

कोपर चौकटीला टेकवायचं नाही, नाहीतर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. हे मला दोनदा विसरायला झालं.

आणि मोठा नियम सावलीचा. हा कप्तानांनी शेडबाहेर काडीने जमिनीवर चित्र काढून समजावला. हरणांना इंजिनाच्या आवाजाची सवय होते. वरून पडणाऱ्या सावलीची कधीच होत नाही. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या वरून सावली पडली म्हणजे काहीतरी झडप घालतंय, एवढंच शिकल्यात. म्हणून विमानाची सावली कळपावर पडू द्यायची नाही. पण कप्तान बसतात डावीकडे. आपण कळपाभोवती उजवा पंख खाली करून घिरट्या घालतो, तेव्हा सावली उजवीकडे असते आणि ती त्यांना दिसत नाही. ती मी बघायची. प्रत्येक घिरटीला ते कानातल्या हेडफोनवर विचारणार, सावली? मी सांगायचं, मोकळी. किंवा आली. आली म्हटलं की ते विचार न करता बाहेर वळणार.

मी विचारलं, मी चुकून मोकळी म्हटलं तर तुम्ही एकदा मान वळवून बघाल ना? ते म्हणाले, नाही बघणार. एकदा तुला डोळे दिले की दिले. मागे वळून बघत बसणारा माणूस ना पायलट म्हणून कामाचा ना नवरा म्हणून. काकू पाना आपटून म्हणाल्या, नवरा म्हणून तरी कुठे कामाचे आहेत.

अजून एक सांगितलं. उंचावरून सावली म्हणजे नुसता धुरकट डाग. जसजसं विमान खाली, तसतशी ती रेखीव.

९ मार्च

आज कळप सापडला.

वरून हरीण दिसतच नाही. दिसते ती त्याची सावली. हरीण म्हणजे गवतात सांडलेला भाताचा दाणा. पण सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक दाण्याला शेजारी एक लांबच लांब हरीण जोडलेलं असतं, पाय, मान, कान, सगळं. हजारो काळी हरणं गवतावरून चालतायत आणि खरी त्यांच्या पायाशी बांधलेली. मी ओरडलेच. कप्तान हसले आणि म्हणाले पहिल्यांदा बाईंनी पण हेच केलं होतं, वर त्यांना उलटी पण झाली होती.

सहाव्या का सातव्या घिरटीला मी म्हटलं, आली! म्हातारी लगेच बाहेर झुकली. सावली कळपाच्या शेजारून ओढा ओलांडून गेली. एकाही हरणाने मान वर केली नाही. कप्तान म्हणाले, शाब्बास भिंगरे. इतकं साधं वाक्य, पण दिवसभर पुरलं.

संध्याकाळी बाईंनी फोटो पाहिले. चष्मा कपाळावर सरकवला, सगळे पाहिले, म्हणाल्या, छान आहेत. कॅलेंडरला चालतील.

कॅलेंडरला!

(खोलीच्या छतावर ओल येऊन एक नकाशा तयार झालाय. त्यात एक बेट आहे. त्या बेटावर जायचं ठरवलंय.)

१३ मार्च

दुसरी धावपट्टी. ही मागच्यापेक्षा लहान, एका टोकाला विटांची खोली, नळाला गंजकं पाणी. काकूंनी उतरल्याबरोबर म्हातारीला दोरखंडांनी बांधलं आणि पिवळं कापड घातलं. रोज घालतात, पोराला पांघरूण घालावं तसं.

बाईंना मुखपृष्ठ मिळत नाहीये. आज जेवताना म्हणाल्या, सुंदर फोटो कोणीही काढतं, मला असा हवाय की बघणाऱ्याचा घास हातात राहील. माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या, पण मलाच होतं ते. मग मीच बोलत सुटले. म्हटलं, आपली सावली त्यांच्यावर पडत असतानाचा फोटो असेल तर? क्रूसासारखी काळी आकृती आणि खाली पळणारा कळप?

कप्तानांनी ताट सरकवलं. म्हणाले, पोरी, ते आपल्या घरी आलेले नाहीत. आपण त्यांच्या घरावरून जातोय.

मला लाज वाटली. पण खरं सांगू, फोटोही डोळ्यासमोरून गेला नाही.

१७ मार्च

आधी साधं लिहिते. सकाळी उकडलेली अंडी. काकूंनी मिठाची पुडी शोधली, ती माझ्या बुटात निघाली, कशी ते माहीत नाही. वारा नव्हता. ऊन स्वच्छ.

कळप डोंगर आणि दरीच्या मधल्या गवताच्या पट्टीवर होता. पट्टी अरुंद. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला सरळ कडा, खाली नदी. माद्या आणि या वर्षीची पाडसं पुढे.

तिसऱ्या घिरटीला मला सावली दिसली. लांबून गवतावरून सरकत येत होती. एका झुडपावरून गेली. मग एका पांढऱ्या दगडावरून. इतकी रेखीव की पंखाचे आधार मोजता आले असते. नीट कळपाच्या मध्यावर येणार होती. कानात कप्तान म्हणाले, सावली?

वेळ होता. आली म्हणायला पुरेसा वेळ होता. मला वाटलं, नुसत्या माना वर होतील. मला वाटलं, पळालेच तर चढाकडे पळतील. कडा दिसत होता का? हो. दिसत होता.

मी म्हटलं, मोकळी.

आवाजात हसू येत होतं, ते दाबलं.

सावली त्यांच्यावर आली आणि सगळा कळप एकदम एका अंगासारखा आकसला आणि मग फुटला. चढाकडे नाही. पुढची पाडसं कड्याशी थांबली होती. खरंच थांबली होती, चारी पाय रोवून. मागच्यांनी थांबू दिलं नाही.

मी फोटो काढत राहिले. बोट थांबलं नाही.

कप्तानांना आधी फक्त धूळ दिसली. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं माहीत नाही. ते वळून दरीवरून गेले आणि त्यांना नदी दिसली. किती, ते मी मोजलं नाही. मोजायला मान वळवावी लागली असती. परत येताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, आपल्याशीच. मी खाली आलो. मीच फार खाली आलो.

मी ऐकत होते. हेडफोन कानातच होता.

१८ मार्च

बाईंना सांगितलं की त्या घिरटीचे फोटो नाहीत, कार्ड बिघडलं. कार्ड माझ्या साबणाच्या डबीत आहे. पुसून टाकायला घेतलं होतं. एकदा शेवटचं बघू म्हणून पाहिलं.

तो मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे. पुसता आला नाही.

कप्तान जेवले नाहीत. काकू माझ्या खाटेवर येऊन बसल्या. पहिल्यांदाच त्यांचे हात स्वच्छ होते. म्हणाल्या, ह्यांनी चाळीस वर्षांत एक कोंबडी मारलेली नाही. तू त्या बाजूला होतीस. आठवून सांग, सावली खरंच मोकळी होती ना? म्हणजे आवाजानेच बुजले असतील, मग यांना समजावता येईल.

मी म्हटलं, मोकळी होती, काकू.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

२१ मार्च

तिसरी धावपट्टी. उरलेला कळप पुढे चाललाय, आपणही. कप्तान आता इतके उंच उडतात की हरणं म्हणजे नुसती पूड. कोणी बोलत नाही. मी मात्र नको इतकी बोलते. आज भांडी मी घासली, खोली मी झाडली, जीपसुद्धा धुतली. काकू म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे. जिवाचं पाणी झालं.

संध्याकाळी बाईंनी फोटो बघता बघता जीभ चावल्यासारखा आवाज केला. म्हणाल्या, अगं, कोपऱ्यात सावली येतेय तुमची.

सगळ्या फोटोंत. वरच्या उजव्या कोपऱ्यात, विमानाची. मी आज शंभर वेळा खाली पाहिलं होतं. शपथेवर सांगते, आज मोकळी होती. म्हणत होते ते खरं होतं.

आणि इतक्या उंचीवरून धुरकट डाग पडायला हवा. ही रेखीव आहे. झाडाच्या उंचीवरून पडावी तशी.

कप्तान मागे उभे होते. त्यांनी पाहिलं. तसेच बाहेर गेले. मग काकूंनी सांगितलं की ते उंची दाखवणारं घड्याळ उघडून बसलेत. त्यांना वाटतंय, त्यांना उंचीचा अंदाजच राहिलेला नाही. त्या दिवशीही असंच झालं असणार.

माझ्यामुळे झालं म्हणायची ही जागा होती. मी चहा केला.

२४ मार्च

घड्याळ ठीक आहे. काकूंनी तीनदा तपासलं.

सावली आता कोपऱ्यात नाही. चौकटीच्या पाव भागात आलीय. दर उड्डाणाला थोडी आत, थोडी खाली. बाई वैतागून म्हणाल्या, तुम्ही दोघं मिळून माझी चेष्टा लावलीय का.

आज कार्ड बदलायला मी आत सरकले होते, पट्ट्यासकट खुर्चीत मागे. सहज खाली पाहिलं. सावली गवतावरून बरोबर चालली होती. तिच्या दारातून कोणीतरी बाहेर वाकलेलं होतं. डोकं, खांदे, पुढे केलेले हात.

मी आत होते. मी आत बसले होते.

कानात कप्तानांनी विचारलं, सावली? माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी दुसऱ्यांदा नाही विचारलं. आपणहून बाहेर वळले आणि उतरल्यावर काकूंना म्हणाले, पोरीचासुद्धा विश्वास राहिला नाही माझ्यावर.

२६ मार्च

आज उड्डाण नव्हतं. म्हातारी पिवळ्या कापडाखाली, दोरखंड ताणलेले. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. दुपारची वेळ. चादर झटकली आणि चादरीवरून ती गेली.

पंख, शेपूट, दार. आवाज काही नाही. वर पाहिलं, आकाश धुतल्यासारखं रिकामं.

धावपट्टीवरच्या पहारेकऱ्याची दोन कुत्री जीपखाली घुसली. अजून बाहेर आलेली नाहीत. पहारेकरी म्हणतो, घार असेल. एवढी घार?

रात्र बरी. रात्री सावली पडत नाही. दिवा पण लावत नाही मी. काकू म्हणतात वाट्टेल तिथे धडपडशील.

२९ मार्च

कप्तानांनी ठरवलं. परवा शहरात जाऊन वनखात्याच्या कचेरीत लिहून देणार: कळप माझ्या चुकीने गेला. परवाना परत करणार. पुन्हा उडणार नाहीत.

बाई समजावून दमल्या. काकूंनी एकदाच विचारलं, मग आपण राहायचं कुठे? ते म्हणाले, जिथे सगळे राहतात. जमिनीवर.

काकू इथल्या शेडमध्ये जाऊन, आज आत घेतलेल्या म्हातारीचं नाक पुसत बसल्या. स्वच्छच होतं.

मी दाराशी उभी होते. शब्द तोंडात होते. तेवढ्यात शेडच्या सिमेंटवर — आत, छपराखाली — त्या सावलीच्या पंखाचं टोक माझ्या पायापर्यंत आलं. मी पळाले. लाज सोडून पळाले, फाटकापर्यंत.

नंतर लक्षात आलं की मी कुठल्या बाजूला पळायचं हे ठरवलंच नव्हतं. पाय आपोआप —

३० मार्च, बहुतेक

उठले तर जीप नव्हती. एक दिवस आधीच गेले. कप्तान आणि बाई, पहाटेच. माझं तारखेचं गणित चुकलं का त्यांनी बेत बदलला, माहीत नाही.

काकूंना सांगितलं.

सगळं सांगितलं. साबणाची डबी उघडून कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड वंगणाच्या फडक्यात गुंडाळलं, खिशात ठेवलं. मग म्हणाल्या, मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला होता.

एवढंच.

मग वायरलेसचा सेट आणून दिला. जीपमध्ये एक सेट आहे. इथून लागत नाही, मधे डोंगर. वरच्या धारेवर गेलं तर घाटातून बाहेर पडताना जीप टप्प्यात येते. म्हणाल्या, त्यांनी सही करायच्या आत तू सांगायचंस. मी नाही सांगणार. तुझ्या तोंडून ऐकायचा हक्क आहे त्यांचा.

मी म्हटलं काकू मला भीती वाटते उघड्यावर जायची. त्या म्हणाल्या, त्या पाडसांनाही वाटली असेल.

चढतेय.

धारेवर

ढग आहेत. ऊन नाही. बरं झालं. कशालाच सावली नाही. दगडाला नाही, मला नाही.

खाली धावपट्टी दिसते. म्हातारी पुन्हा बाहेर, पिवळ्या कापडाखाली, बांधलेली. शेजारी काकू, ठिपका. म्हणजे आकाशात जे काही असेल ते — असू दे.

इथे गवताची पट्टी आहे. एका बाजूला कडा. मी काठापासून लांब बसलेय. दोन्ही हात गवतात. जीपची धूळ अजून घाटात. बाहेर येईपर्यंत लिहिते, नाहीतर वर बघावंसं वाटतं.

ताई, तुला सांगायचं राहिलंच की मी कुठे

धूळ बाहेर आली.

बोलले. सगळं एका दमात बोलले. सावली त्यांच्यावर होती. मला दिसत होती. तुम्ही विचारलंत आणि मी खोटं सांगितलं. तुमची चूक नाही, सही करू नका, माघारी या — बटण सोडलं. खरखर. मग कप्तानांचा आवाज. पोरी, तुटक येतंय, नीट ऐकू आलं नाही, परत सांग. सावली?

मी बटण दाबायच्या आधीच उत्तर गेलं. सेटमधून. माझाच आवाज. त्या दिवशीचा. हसू दाबलेला.

मोकळी.

कप्तान म्हणाले, बरं.

परत दाबलं. परत ओरडले, ती मी नाही, ऐकू नका. परत तेच. मोकळी. मोकळी. जीप चाललीय. थांबत नाही. ते मागे वळून बघत नाहीत — त्यांनीच सांगितलं होतं — एकदा डोळे दिले की

पक्षी उठले. सगळे एकदम.

लांब गवतावर. ऊन नाही तरी. येतेय.

एक झुडूप. त्याच्यावरून गेली.

पळायचं नाही. बसून राहायचं. चढाची बाजू मोकळी आहे, पळायचंच तर तिकडे — पण पाय तिकडे वळत नाहीत, पाय कड्याकडे —

पांढरा दगड.

इतकी रेखीव. दारातून ती वाकलीय. कोपर चौकटीला न टेकवता. डोळ्याला कॅमेरा. तिला कोणीतरी विचारतंय आणि ती मला बघतेय, कडा पण बघतेय, तिला वेळ आहे, आली म्हण, अगं आली म्हण, वेळ आहे अजून, आली म्ह